तंजावरचा अन्नपुरवठा व श्वार्ट्झ पाद्रीची पत

१

तंजावरच्या मराठी राज्याचा इतिहास लिहितांना आमच्या अभ्यासकांची दृष्टि बहुधा तीन गोष्टींवर स्थिरावते: भोसल्यांची वंशावळ, अर्काटच्या नबाबाशीं व इंग्रज कंपनीशीं झालेले तहनामे, आणि सरस्वती महालांतील ग्रंथसंग्रह. बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर इ. स. १८०३ मध्यें कोरलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी लेखही संशोधकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. या साधनांचें मोल आम्ही जाणतों. परंतु ज्या वर्षीं तंजावरच्या किल्ल्यांत माणसें उपासानें मरत होतीं, त्या वर्षीं धान्य कोणीं आणलें, कोणाच्या शब्दावर आणलें, आणि आणणाऱ्यांस त्याचे पैसे पोंचले किंवा नाहीं, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. राज्यें तहानें जातात व तहानेंच येतात हें खरें. पण मधल्या काळांत प्रजेचा जीव कशावर तगतो, हेंही इतिहासानेंच सांगितलें पाहिजे.

प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचें एक उत्तर तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें उत्तर ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन पाद्रीच्या चरित्रांत सांपडतें. त्यानें किती लोकांस बाप्तिस्मा दिला याची गणना करणें हा आमचा हेतु नव्हे. तें काम मिशनांच्या चरित्रकारांनीं विपुल केलें आहे. शेजाऱ्याची सेवा ही धर्मश्रद्धेची खूण होय असें ख्रिस्ती शास्त्र म्हणतें. तें वचन एका मराठी राजधानींत, ऐन दुष्काळांत, प्रत्यक्ष व्यवहाराच्या कसोटीस कसें उतरलें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

२

श्वार्ट्झचा जन्म इ. स. १७२६ च्या ऑक्टोबरांत प्रशियांतील सोनेनबुर्ग या गांवीं झाला. हें गांव आज पोलंड देशांत मोडतें. त्याचें उच्च शिक्षण हाले येथें झालें. हाले हें त्या काळीं केवळ विद्यापीठाचें नगर नव्हतें. ऑगस्ट हेर्मान फ्रांके या धर्मगुरूनें सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथें अनाथालय, शाळा, औषधालय व छापखाना यांचा मोठा व्याप उभारिला होता. फ्रांके व त्याचे अनुयायी यांचें म्हणणें असें, कीं धर्म हा व्यासपीठावरील वादांत नसून आचरणांत असतो, आणि त्या आचरणाचा पहिला हक्कदार म्हणजे दाराशीं आलेला गरजू. फ्रांके इ. स. १७२७ मध्यें वारला. तथापि त्याच्या संस्थेचें वळण श्वार्ट्झच्या अंगीं पुरें मुरलें होतें. तमिळ बायबलाच्या छपाईच्या निमित्तानें तो तेथेंच तमिळ शिकला, आणि इ. स. १७५० मध्यें डेन्मार्कच्या ताब्यांतील तरंगंबाडी बंदरीं येऊन उतरला. हालेच्या पाद्र्यांनीं तेथें इ. स. १७०६ पासून ठाणें मांडिलें होतें.

पुढें कांहीं वर्षें त्रिचनापल्लीस काढून इ. स. १७७८ मध्यें त्यानें तंजावरास कायमची वस्ती केली. तमिळ, पोर्तुगीज, फारसी व हिंदुस्थानी या भाषा तो जाणत होता. दरबारी मंडळींशीं त्यांच्याच भाषेंत बोलतां यावें म्हणून तो मराठीही शिकला. तो अविवाहित होता, राहणी साधी होती, आणि मिळकतीचा मोठा भाग शाळा व अनाथ मुलें यांजकडे जात असे.

त्याच्या पतीचा पहिला पुरावा तंजावरचा नसून श्रीरंगपट्टणचा आहे. इ. स. १७७९ मध्यें मद्रासचे गव्हर्नर रंबोल्ड यांनीं हैदर अल्लीचा कल जाणण्यासाठीं त्यास तिकडे पाठविलें. कंपनीच्या वकिलांवर हैदराचा विश्वास उरला नव्हता. या पाद्रीवर होता. परततांना हैदरानें प्रवासखर्चास ३०० रुपये दिले. श्वार्ट्झनें ते मद्रासच्या सरकारापुढें ठेविले. सरकारानें घेण्यास नकार दिला, तेव्हां त्यानें त्या रकमेचा तंजावर येथील अनाथ मुलांच्या शाळेसाठीं मूळ निधि केला. पुढच्याच वर्षीं युद्ध पेटलें. त्या युद्धांतही या वृद्ध पाद्रीस कोणीं अडवूं नये, त्याशीं आदरानें वागावें, अशी ताकीद हैदरानें आपल्या सरदारांस दिली होती.

३

आतां तंजावरची स्थिति पाहूं. प्रतापसिंहामागून इ. स. १७६३ मध्यें तुळजाजी राजे गादीवर आले. इ. स. १७७१ मध्यें एकदां व १७७३ मध्यें दुसऱ्यांदां अर्काटच्या नबाबानें कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावरास वेढा दिला. दुसऱ्या खेपेस राज्यच गेलें. नबाबाच्या अमलांत प्रांत पिळून निघाला. इ. स. १७७६ मध्यें लॉर्ड पिगट यांनीं राजांस पुन्हां गादीवर बसविलें, परंतु त्या बदल्यांत कंपनीस सालीना चार लाख होन देण्याचा बोजा त्यांचे मस्तकीं आला. म्हणजे राजा परत आला तो कर्जासह आला. ही रक्कम उभी करण्यासाठीं सावकार, मक्तेदार व मद्रासेहून आलेले दुभाषे यांच्या हातीं रयत सांपडली.

अशा स्थितींत इ. स. १७८० च्या जुलैंत हैदराची फौज कर्नाटकांत उतरली, आणि पुढच्या वर्षीं तंजावरचा किल्ला तेवढा वगळून बहुतेक प्रांत तिच्या हातीं गेला. शत्रु नेमका सुगी तोंडावर आली म्हणजे येत असे. खेड्यांतील लोक जीव घेऊन किल्ल्याकडे धांवले. किल्ल्यांत तोंडें वाढलीं, कोठारें रिकामीं झालीं. शिपाई अशक्तपणानें उभ्या जागीं पडत; रोज सकाळीं रस्त्यांच्या कडेला प्रेतें दिसत.

येथें एक गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. प्रांतांत धान्य अगदींच नव्हतें असें नाहीं. उणीव होती ती धान्य किल्ल्यांत आणणाऱ्या बैलांची; आणि बैल नव्हते याचें कारण बैलवाले येत नव्हते. पूर्वीं ज्यांनीं भात आणून घातलें होतें, त्यांचे पैसे मधल्यामध्यें दुभाष्यांनीं गिळले होते. एकदां फसलेला कुणबी दुसऱ्यांदां आपला बैल शत्रूच्या टोळ्यांमधून कशास हांकील? तात्पर्य, तंजावरचा हा दुष्काळ जितका पावसाचा व लढाईचा, तितकाच पतीचा होता. राजाचा हुकूम होता, कंपनीचाही हुकूम होता. पण त्या दोहोंपैकीं एकाही हुकमावर कोणी एक पोतें उचलावयास तयार नव्हता.

ही गोष्ट तुळजाजींनीं स्वतः ओळखिली, हें त्यांस भूषणावह आहे. त्यांनीं तेथील एका प्रमुख इंग्रज गृहस्थास सांगितलें, कीं तुमची व आमची दोघांचीही पत बुडाली आहे; आतां लोक पाद्रीवर तरी विश्वास ठेवितात कां, हें पाहूं. आणि लोकांशीं वाटेल तो करार करण्याची मुखत्यारी म्हणून त्यांनीं श्वार्ट्झकडे एक कोरा कागद पाठविला.

ज्यांनीं दफ्तरें चाळलीं आहेत त्यांस कोऱ्या कागदाचें गांभीर्य समजावून सांगावयास नको. सनदा, कौलनामे, अभयपत्रें आपल्या संग्रहांत शेंकड्यांनीं आहेत. त्यांवर शिक्के आहेत, मोर्तबें आहेत. परंतु छत्रपतींच्या घराण्यांतील एका राजानें, आपला शिक्का चालेनासा झाला हें कबूल करून, एका परदेशी, परधर्मीय, निष्कांचन उपदेशकाच्या हातीं कोरा कागद द्यावा, हा प्रसंग दुर्मिळ होय.

श्वार्ट्झनें गांवोगांव पत्रें धाडिलीं. पत्रांतील बोली दोन होत्या. पहिली, पैसे मी स्वतःच्या हातानें देईन. अर्थात् मध्यें दुभाष्या नाहीं. दुसरी, शत्रूनें कोणाचा बैल धरून नेला तर त्या बैलाचीही भरपाई मी करीन. एक दोन दिवसांत हजारांवर बैल जमले. त्यांजबरोबर त्यानें आपल्या मंडळींतील उपदेशक व इतर ख्रिस्ती लोक दिले. ते जिवावर उदार होऊन बाहेर पडले आणि थोडक्याच अवकाशांत ८०,००० कलम् धान्य किल्ल्यांत आलें. कलम् हें तमिळ देशांतील धान्याचें माप असून बारा मरक्काल मिळून एक कलम् होतो. या धान्यावर किल्ला वांचला. सर्व आटोपल्यावर श्वार्ट्झनें ज्याचे त्यास पैसे चुकते केले, वर लहानशी बक्षिसी देऊन लोकांस घरीं पाठविलें. आणि ते पैसे पुरे करण्यासाठीं आपणांजवळ असलेल्या दुसऱ्यांच्या रकमेसही त्यास हात घालावा लागला.

इ. स. १७८२ मध्यें कर्नल ब्रेथवेटची सगळी तुकडी टिपूच्या हातीं पडली, आणि किल्ल्यावर तोच प्रसंग पुन्हां आला. या वेळीं शत्रु अधिक जवळ होता. पुन्हां श्वार्ट्झनें पत्रें धाडिलीं, पुन्हां बैल आले. कारण पैसे बुडत नाहींत हें लोकांस आतां अनुभवानें ठाऊक होतें. ख्रिस्ती वाटाडे पुढें व गुरें हांकणारे मागें, असे ते रडत रडत गेले व धान्य घेऊन आले. हिशेब चुकता झाल्यावर श्वार्ट्झनें लोकांस बारकाईनें विचारलें, कीं माझ्या माणसांपैकीं कोणी तुम्हांकडून कांहीं घेतलें काय? लोकांनीं सांगितलें, कीं घेतलें नाहीं. पैसे वेळेवर मिळाले म्हणून आम्हींच आपण होऊन तुमच्या उपदेशकास एक हलकेंसें वस्त्र देऊं केलें होतें, पण तेंही त्यानें साफ नाकारिलें.

आमच्या मतें या सर्व प्रकरणाचा गाभा ८०,००० कलम् या आंकड्यांत नसून या न घेतलेल्या वस्त्रांत आहे. एका मनुष्याची सचोटी त्याच्यापाशींच थांबते; ती त्याच्या हाताखालच्या मनुष्यांत उतरली म्हणजे तिची संस्था होते. त्या उपदेशकाचें नांव या हकीकतींत आलेलें नाहीं. तो तमिळ देशांतील कोणी एक गरीब मनुष्य असावा. ज्या वर्षीं अन्नासाठीं माणसें मरत होतीं त्या वर्षीं त्यानें वस्त्र परत केलें, इतकेंच त्याचें चरित्र. पण तें पुष्कळ आहे.

४

आतां पुराव्याचा विचार करूं. या हकीकतीचा मुख्य साक्षी स्वतः श्वार्ट्झच आहे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. इ. स. १७९३ मध्यें विलायतेंत माँटगोमरी कॅम्पबेल नामक गृहस्थानें हिंदुस्थानांतील मिशनांवर टीका केली. तो पूर्वीं मद्रासेस गव्हर्नरांचा खाजगी चिटणीस होता. ख्रिस्ती झालेले लोक हे सर्वांत वाईट, आणि चोरीच्या पातकावर प्रवचन चाललें असतां खुद्द श्वार्ट्झचेंच सोन्याचें बक्कल त्याच्या श्रोत्यांनीं लांबविलें, असें तो म्हणाला. त्यास उत्तर म्हणून श्वार्ट्झनें १३ फेब्रुवारी १७९४ रोजीं लंडन येथील ज्या धर्मप्रसारक मंडळीच्या आश्रयानें तो काम करीत होता तिला एक विस्तृत पत्र लिहिलें. वरील बहुतेक तपशील त्या पत्रांतला आहे.

स्वतःच्या समर्थनार्थ लिहिलेलें पत्र एकदम प्रमाण मानूं नये, हा संशोधनाचा नियम रास्त आहे. म्हणून त्यास तीन कसोट्या लावून पाहाव्या. पहिली काळाची: घटनेस बारा तेरा वर्षेंच झालीं होतीं, किल्ल्यांत त्या वेळीं असलेले अंमलदार व रहिवासी हयात होते, आणि ज्यांस खोडून काढावयाचें असेल त्यांस तें सोपें होतें. दुसरी स्वार्थविरोधाची: दुसऱ्यांच्या पैशांस हात घातला हें विधान लिहिणाऱ्याच्या लौकिकास पोषक नाहीं, केवळ बढाई मारणारा तें लिहिता ना. तिसरी संगतीची: हैदराची ताकीद, राजांचा विश्वास, पुढें त्याच मद्रास सरकारानें त्याजवर सोंपविलेलीं कामें, हे सर्व दुवे एकाच दिशेस जातात. इ. स. १८२६ मध्यें कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरास आले. श्वार्ट्झच्या स्वभावांत राजकारणी डावपेचांचा अंश फार असावा अशी त्यांची पूर्वीं समजूत होती. स्थानिक चौकशीनंतर त्यांनीं ती सोडिली व त्याची गणना अत्यंत उद्योगी व निर्भय पुरुषांत केली. या चार बाजूंच्या आधारावर मूळ हकीकत आम्ही ग्राह्य समजतों.

त्याच पत्रांत आणखी एक प्रकरण आहे. सर आर्चिबल्ड कॅम्पबेल मद्रासचे गव्हर्नर असतांना, म्हणजे इ. स. १७८६ नंतरच्या दिवसांत, दुभाष्यांच्या जुलमास कंटाळून तंजावरची रयत गांव सोडून गेली. जूनमध्यें सुरू व्हावयाची शेतीचीं कामें सप्टेंबर लागला तरी सुरू झालीं नव्हतीं. श्वार्ट्झनें राजांस विनविलें, कीं जुलूम थांबवा व लोकांस परत बोलवा. राजांनीं कौल पाठविला. लोकांनीं त्यावर विश्वास ठेविला नाहीं. तेव्हां राजांनीं श्वार्ट्झलाच लिहावयास सांगितलें. त्याचें पत्र जातांच प्रथम कळ्ळर जातीचे लोक उठले व एका दिवसांत ७,००० माणसें परत आलीं. मागून इतर आले. हंगाम हातचा चालला आहे, आतां कसून कामास लागा, असें त्यानें सांगितलें, तेव्हां तुम्हांस पश्चात्ताप होऊं देणार नाहीं, रात्रंदिवस राबूं, असें त्यांनीं उत्तर दिलें. त्या वर्षींचें पीक मागच्या वर्षापेक्षां चांगलें आलें.

हे कळ्ळर कोण हें लक्षांत घेण्यासारखें आहे. कंपनीच्या कागदांत त्यांचा उल्लेख बहुधा लुटारू म्हणूनच येतो. ज्यांवर कोणी विश्वास ठेवीत नसे, त्यांनींच प्रथम विश्वास ठेविला. आणि परत आलेल्या त्या सात हजारांस ख्रिस्ती होण्याची कोणतीही अट नव्हती.

५

परंतु केवळ स्तुति हा इतिहास नव्हे. या सेवेवर तीन आक्षेप संभवतात, आणि त्यांचा विचार टाळणें योग्य नाहीं.

पहिला आक्षेप असा, कीं श्वार्ट्झ अखेरीस कंपनीचाच मनुष्य. त्रिचनापल्लीस तो गोऱ्या पलटणीचा धर्मगुरु होता, मद्रास सरकारचा दुभाषी म्हणून त्यास वेतन होतें, आणि वांचलेल्या किल्ल्यांत कंपनीची शिबंदी होती. हें खरें आहे. त्यानें आणलेल्या धान्यावर प्रजेबरोबर कंपनीचा शिपाईही जगला. पण उलट बाजूही नमूद केली पाहिजे: दुभाष्यांच्या ज्या जुलमाविरुद्ध तो बोलला, तो जुलूम कंपनीच्या छायेखालींच वाढला होता. राज्यांत न्यायसभा असावी म्हणून त्यानें खटपट केली. ती योजना पुढें अंमलदारांनीं मोडून टाकिली, कारण न्याय विकण्यांतच त्यांचा लाभ होता.

दुसरा आक्षेप, सेवा हें धर्मांतराचें साधन होतें. श्वार्ट्झ उपदेशक होता व लोकांनीं ख्रिस्ती व्हावें अशी त्याची उघड इच्छा होती. ती लपवून त्याचें चित्र काढणें अप्रामाणिकपणाचें होईल. तथापि धान्याच्या प्रकरणांत ज्यांस पैसे मिळाले ते बहुतांशीं हिंदु शेतकरी होते. तंजावर, रामनाथपुरम् व शिवगंगा येथें रेसिडेंट सलिव्हन यांच्या योजनेनें ज्या इंग्रजी शाळा निघाल्या, व ज्यांस कंपनीच्या संचालकांनीं इ. स. १७८७ मध्यें दर शाळेस सालीना २५० होन मंजूर केले, त्यांत ब्राह्मणांचीं व व्यापाऱ्यांचीं मुलें जात असत. सर्वांत मोठा दाखला शरफोजी राजांचा आहे. तो पुढें येईल.

तिसरा आक्षेप आमच्या मतें सर्वांत वजनदार आहे. शेजारी कोण, हा प्रश्न श्वार्ट्झनें भुकेच्या बाबतींत पूर्णपणें सोडविला. जातीच्या बाबतींत सोडविला नाहीं. त्याच्या मंडळींत वेळ्ळाळ व परैयर एकाच देवळांत परंतु वेगळ्या जागीं बसत. त्यानें सक्ती केली नाहीं. काळानें हा भेद विरेल असें तो समजत असावा. काळानें तो विरला नाहीं. इ. स. १८३३ मध्यें बिशप विल्सन यांनीं हा भेद मोडण्याचा हुकूम काढिला, तेव्हां तंजावरच्या मंडळींत मोठी फूट पडली. ज्या गांवांत राजाच्या शब्दाला किंमत नव्हती तेथें ज्याचा शब्द चालत होता, त्यानें तो शब्द या कामीं अधिक जोरानें खर्चावयास हवा होता, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

६

तुळजाजींनीं इ. स. १७८७ च्या आरंभीं, मृत्यूच्या अगोदर थोडे दिवस, दहा वर्षांच्या शरफोजींस दत्तक घेतलें व मुलाचा सांभाळ करण्याविषयीं श्वार्ट्झला विनविलें. त्यानें राज्याची मुखत्यारी पतकरिली नाहीं. राजबंधु अमरसिंह यांचें नांव सुचविलें. पुढें बारा पंडितांच्या अभिप्रायावरून दत्तविधान अशास्त्र ठरलें आणि अमरसिंह स्वतःच गादीवर बसले. मुलाचा कोंडमारा होऊं लागला, तेव्हां श्वार्ट्झनें मद्रासेस तक्रारी केल्या, इ. स. १७९३ मध्यें शरफोजींस मद्रासेस हलविण्यांत आलें व तेथें गेरिके या पाद्रीच्या देखरेखीखालीं त्यांचें शिक्षण चाललें. दुसऱ्या पंडितांचे अभिप्राय मागविल्यावर दत्तक सशास्त्र ठरला, आणि इ. स. १७९८ च्या जूनअखेर शरफोजी गादीवर बसले. तो दिवस पाहावयास श्वार्ट्झ नव्हता. १३ फेब्रुवारी १७९८ रोजीं तो वारला होता. शरफोजी प्रेतयात्रेस आले, रडले, देहावर त्यांनीं भरजरी वस्त्र घातलें व थडग्यापर्यंत गेले. थडग्यावरील इंग्रजी पद्यलेख त्यांनीं स्वतः रचिला. किल्ल्यांतील ख्रिस्ती देवळासाठीं त्यांनीं फ्लॅक्समन या प्रख्यात शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करविलें. त्यांत श्वार्ट्झ मृत्युशय्येवर असून राजे त्याचा हात धरून उभे आहेत, जवळ गेरिके व शाळेंतील मुलें आहेत.

आणि तरीही शरफोजी अखेरपर्यंत शिवभक्त हिंदु राजेच राहिले. ज्या मनुष्याच्या छायेंत ते वाढले त्याचा धर्म त्यांनीं घेतला नाहीं, त्याचें ऋण मात्र कधीं नाकारिलें नाहीं. सेवा ही आमिष असती तर तिचा सर्वांत मोठा सावज हातचा गेला असें म्हणावें लागेल. सेवा ही सेवाच असेल तर तिचें फळ पुरेपूर पदरीं पडलें.

इ. स. १७९९ च्या तहानें प्रांताचा कारभार कंपनीकडे गेला. त्यानंतर इ. स. १८०१ मध्यें शरफोजींनीं रेसिडेंट टोरिन यांस एक पत्र लिहिलें. तें प्रत्येक अभ्यासकानें पाहावें असें आहे. रामेश्वरच्या वाटेवर आपल्या पूर्वजांनीं बांधलेलीं छत्रें आपल्या हातून जाऊं नयेत, अशी त्यांत मागणी आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंस तेथें अन्न मिळतें, आजाऱ्यास वैद्य मिळतो, गरोदर स्त्रियांची व पोरक्या मुलांची काळजी घेतली जाते, विद्यार्थ्यांस शिकविलें जातें, असें त्यांनीं सांगितलें आहे. राज्य गेलें याचें दुःख त्यांनीं गिळलें. अन्नसत्र जाईल या भीतीनें मात्र त्यांनीं लेखणी उचलली.

हीं छत्रें श्वार्ट्झच्या शिकवणुकीचें फळ होत असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तीं भोसले कुळाचीं जुनीं धर्मकृत्यें होत, आणि आमच्या धर्मशास्त्रानें इष्टाच्या जोडीस जें पूर्त सांगितलें, म्हणजे विहिरी, तळीं, अन्नदान, त्याच परंपरेंतलीं आहेत. आमचें म्हणणें इतकेंच, कीं तंजावरांत हे दोन ओघ एकमेकांशेजारून वाहिले, आणि एकानें दुसऱ्यास गढूळ केलें नाहीं.

७

शेवटीं एका शब्दाचा विचार करून लेख आटोपतों. संस्कृतांतील श्रद्धा हा शब्द व लॅटिनांतील क्रेदो, म्हणजे मी विश्वास ठेवितों, हा शब्द, हे एकाच मूळाचे होत, हें भाषाशास्त्रज्ञांस मान्य आहे. त्याच लॅटिन धातूपासून युरोपीय भाषांत पत या अर्थाचा शब्द निघाला. आमच्या मराठींतही विश्वास हा एकच शब्द देवाविषयीं व देण्याघेण्याविषयीं चालतो. लूककृत शुभवर्तमानांतील दाखल्यांत वाटेवर पडलेल्या जखमी मनुष्याची शुश्रूषा करणारा शोमरोनी त्यास धर्मशाळेंत नेतो, धर्मशाळावाल्याच्या हातीं पैसे ठेवितो, आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना फेडीन अशी जबानी देतो. दयेची ती प्रसिद्ध कथाही अखेर एका उधारीच्या बोलीवर संपते, आणि धर्मशाळावाला त्या बोलीवर विश्वास ठेवितो. कोऱ्या कागदावर बैलांची भरपाई लिहून देणाऱ्या श्वार्ट्झला हा दाखला तोंडपाठ होता, यांत शंका नाहीं.

म्हणून आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति आहे. तंजावरचीं मोडी रुमालें चाळतांना तहनामे व राजपत्रें वेगळीं काढून उरलेले जमाखर्चाचे फर्द किरकोळ म्हणून बाजूस टाकण्याची आपली रीत आहे. इ. स. १७८१ ते १७८६ या वर्षांचा एखादा धान्याचा, बैलांचा किंवा गांवीं परतलेल्या कुळांचा फर्द हातीं लागला, तर तो जपून ठेवावा व त्याची नक्कल प्रसिद्ध करावी. राजांनीं कोणास काय दिलें याचे कागद आपणांपाशीं पुष्कळ आहेत. कोणत्या कुणब्यास त्याच्या बैलाचे पैसे खरोखर पोंचले, याचा एक कागदही त्या सर्वांच्या तोलाचा ठरेल.